भोगवटादारास कळविण्यात येते की...

मृग तोंडावर आला की शेतकरी बी-बियाण्याच्या मागे लागतो आणि महापालिका खळीच्या डब्याच्या. अमरावती असो की अकोला, पावसाळ्याआधी शिकस्त इमारतींची यादी निघते आणि जुन्या वस्तीतल्या भिंतींवर एक कागद चढतो. मजकूर साधारण असा: सदर इमारत जीर्ण व शिकस्त अवस्थेत असून ती केव्हाही कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी आपण ती तात्काळ रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी.

कोणता खांब गेलाय? जिना वापरायचा की नाही? पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन जायचं कुठे? परत येता येईल का, की जागेवरचा हक्कही गेला? भाडं कोण भरणार? यातलं काहीही कागदावर नसतं. एवढ्या लांबलचक वाक्यातून पक्की माहिती एकच मिळते, ती म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदार कोण नसेल.

माझा आपला समज असा की हा कागद त्या घरात राहणाऱ्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो लिहिलेला असतो चौकशी समितीसाठी. इमारत पडल्यावर पत्रकारांचा पहिला प्रश्न असतो, ‘नोटीस दिली होती का?’ आणि साहेबांचं उत्तर तयार असतं, ‘दिली होती, एकदा नाही, तीनदा.’ जावक क्रमांकासकट. राहणाराही काही कमी नाही. त्यालाही माहीत असतं की हा कागद आपल्याशी बोलत नाही, म्हणून तोही त्याच्याशी बोलत नाही. ‘काऊन घाबरवता भाऊ, मागच्या वर्सी बी लावला होता, पडली का?’ असं म्हणून त्याच कागदावर दुसऱ्या दिवशी ‘खोली भाड्याने देणे आहे’चा कागद लागतो.

अमरावतीकरांना ३० ऑक्टोबर २०२२ ही तारीख आठवत असेल. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, रविवार होता. प्रभात टॉकीजजवळची राजेंद्र लॉजची इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याखाली पाच जण गेले. शिकस्त म्हणून तिची नोंद होती. नोटिसा गेल्या होत्या. वरचा भाग आधीच उतरवलेला होता. तळमजल्यावरची दुकानं मात्र चालू होती. मग रीतीप्रमाणे सगळं झालं. वारसांना पाच-पाच लाख जाहीर झाले, चौकशी लागली, आणि पुढचे काही दिवस गावात प्रत्येक जण स्ट्रक्चरल इंजिनिअर होता.

तेव्हा वाद झाला तो नोटीस मिळाली की नाही यावर. मालक, भाडेकरू, महापालिका, जो तो आपापली फाइल दाखवत होता. नोटिशीवर मालकाचं नाव असतं, फार तर भाडेकरूचं असतं. रोजीवर कामाला आलेल्या माणसाचं नसतं. दुकानात बॅग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचं नसतं. भिंत अंगावर येताना ती आधी नाव विचारत नाही, हा तिचा दोष.

तुम्ही म्हणाल, ते जुन्या गावातलं झालं, आम्ही टॉवरमध्ये राहतो. राहता ना! सात मजले झाले की आपल्याकडे टॉवर होतो, नावापुढे हाइट्स किंवा रेसिडेन्सी लागते आणि गेटवर निळ्या शर्टातला चौकीदार उभा राहतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ मीटर उंचीपासून पुढे ‘उंच इमारत’ धरली आहे. म्हणजे पार्किंग सोडून चार-पाच मजले चढले की आपण उंच लोकांत बसलो. सुरक्षेचे नियमही उंच लागतात, हे मात्र ब्रोशरमध्ये छापायचं राहून जातं. मॉड्युलर किचनचा फोटो मोठा असतो ना, जागा पुरत नाही.

पुण्या-मुंबईकडे सोसायटी असते. आपल्याकडे असते ‘फ्लॅट स्कीम’. बहुतेक ठिकाणी ती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली, घोषणापत्रावर उभी. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधीत लिहिलेलं आहे की इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा. फ्लॅट स्कीमवाला म्हणतो, ‘आपली सोसायटीच नाही, मंग ऑडिट कायचं?’ पण तिशी उलटली की महापालिका कायद्यातलं इमारत तपासून घेण्याचं कलम २६५-अ सगळ्यांनाच लागतं, सोसायटी असो की नसो. नव्वदच्या दशकात उठलेल्या स्कीम आता एकेक करून तिशी गाठताहेत. माणसाची तिशी झाली की आपण स्थळं बघतो, इमारतीची झाली की रंग काढतो. रंगाने भेगा झाकल्या जातात आणि फ्लॅटचा भावही वाढतो, म्हणजे एका डब्यात दोन कामं.

मग या इमारतीत सुरक्षेबद्दल कोण कोणाशी बोलतं? ग्रुप आहे की! ग्रुपवर रात्री अकराला मेसेज येतो, ‘टाकी ओव्हरफ्लो होऊन राहिली, मोटर कोणी चालू ठेवली?’ त्यावर सतरा अंगठे, चार हात जोडलेले, एक गुलाबाचं फूल. ३० सप्टेंबर २०२४ ला दुपारी मेळघाटाकडे ४.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा अशा ग्रुपांवर एकच प्रश्न फिरत होता, ‘तुमच्याकडे हाललं का?’ हाललं म्हणणारेही घरात बसून आणि नाही म्हणणारेही घरात बसून. खाली उतरायचं की टेबलाखाली जायचं, हे कोणी विचारलं नाही, कारण ते कोणी कधी सांगितलेलं नव्हतं.

प्रत्येक मजल्यावर एक लाल पेटी असते. एकदा उघडून बघा. एका स्कीममध्ये मी उघडली तर आत झाडू, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा आणि गेल्या गणपतीचं तोरण होतं. पाइप होता, गुंडाळलेला, वाळून कडक. त्याच्या तोंडाचा पितळी नोझल नव्हता. पितळेला भंगारात भाव चांगला मिळतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काही हरवलं का हो भाऊ?’ म्हटलं, नोझल. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे नाही आला.’

महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा. त्याप्रमाणे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. त्याला म्हणतात ‘फॉर्म बी’. आपल्याकडे बी फॉर्म म्हटलं की लोकांना निवडणुकीतला एबी फॉर्म आठवतो. तो कोणाला मिळाला, कोणाचा कापला, रात्री दोनला कोणाच्या गाडीतून आला, हे चौकातल्या पानठेल्यावर तोंडपाठ. स्वतःच्या इमारतीचा बी फॉर्म कधी भरला, हे अध्यक्षांनाही ठाऊक नाही. आणि भरला असेल तरी तो फाइलीत. वर्षातून दोनदा इमारतीची तब्येत तपासायची आणि निकाल तिथे राहणाऱ्याला सांगायचा नाही, ही खास आपली रीत.

बरं, काहीतरी सांगितलं म्हणजे झालं, असंही नाही. लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवा. २४ मजले. १४ जून २०१७ ला रात्री एकच्या सुमारास चौथ्या मजल्यावर एका फ्रिजमधून आग लागली. तिथल्या रहिवाशांना व्यवस्थित सांगून ठेवलं होतं, आग दुसऱ्याच्या घरात असेल तर आपल्या घरात थांबा. सल्ला वेडा नव्हता. प्रत्येक फ्लॅट काँक्रीटची पेटी असते, आग एका पेटीत कोंडून राहते, असा त्यामागचा हिशोब. पण मधल्या काळात इमारतीला बाहेरून नवं, देखणं आवरण चढवलं होतं आणि ते पेटणारं होतं. आग आतून न जाता बाहेरून चढली. इमारत बदलली, सूचना तीच राहिली. पावणेतीनच्या सुमारास ‘बाहेर पडा’ सांगितलं गेलं, तोवर अनेकांसाठी उशीर झाला होता. ७२ माणसं गेली.

आणि त्याच रहिवाशांच्या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये लिहून ठेवलं होतं की मोठी दुर्घटना झाल्याशिवाय इथल्या कारभाऱ्यांची नालायकी उघडी पडणार नाही. वरून खाली सूचना येत होत्या, खालून वर जाणारी तक्रार मात्र कटकट समजली गेली. नंतर इंग्लंडने २०२२ मध्ये कायदा केला. १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतीत रहिवाशांशी कसं बोलणार, त्यांचं म्हणणं कसं ऐकणार, याचा लेखी आराखडाच करावा लागतो. साहेबाच्या देशातही शेजाऱ्याशी बोलायला कायदा लागला, यात आपल्याला थोडं समाधान आहेच.

आता आपल्या इमारती किती बदलल्या ते बघा. नकाशात गॅलरी मोकळी होती, तिला लोखंडी ग्रिल लागलं. ग्रिलला कुलूप लागलं. उरलेल्या जागेत कूलर आला. वऱ्हाडात कूलर नसलेली खिडकी म्हणजे त्या घरात कोणी राहत नाही असंच समजायचं. मीटरच्या खोलीत वायरींचा गुंता आणि त्याच्याखाली चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटी. गच्चीच्या दाराला कुलूप, कारण पोट्टे वर जाऊन पार्ट्या करतात. किल्ली कोणाकडे? अध्यक्षांकडे. अध्यक्ष कुठे? पुण्याला, मुलाकडे. तीन महिन्यांसाठी.

भेगांचं तर विचारूच नका. आपली जमीन काळी, कपाशीची. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर जागेवर राहू देत नाही. त्यामुळे वऱ्हाडात भेग हा कोणाला धोका वाटतच नाही, घराचा स्वभाव वाटतो. ‘काळी माती आहे, भेगा पडणारच,’ हे वाक्य बिल्डर, ठेकेदार, गवंडी आणि घरमालक सगळे एकाच सुरात म्हणतात. निम्मं खरंही आहे. प्लास्टरवरची केसासारखी बारीक चीर जीव घेत नाही. पण खांबात किंवा बीममध्ये तिरपी गेलेली भेग, स्लॅबखालून सुटलेला पोपडा, त्यातून दिसणारी तांबडी सळई, पाऊस नसताना छतावर उमटलेला गंजाचा डाग, ही वेगळी जात. दोन्हींतला फरक पाचवीतल्या मुलाला पाच मिनिटांत दाखवता येतो. दाखवणारा पाहिजे.

त्यात आपल्याकडे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या कितीतरी गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. सळईच्या काँक्रीटसाठी लागणाऱ्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. क्षार सळईला आतून खातो. सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. प्यायला जे पाणी आपण कॅनने विकत घेतो, तसलंच बोअरचं पाणी स्लॅब ओतताना वापरलं होतं का, हा प्रश्न फ्लॅट घेताना किती जणांनी विचारला? ब्रोशरमध्ये ‘२४ तास पाणी’ एवढं होतं. कोणतं, ते नव्हतं.

अकोल्याचा मामला आणखी वेगळा. नीट आणि जेईईसाठी बाहेरगावची पोरं इथे येऊन राहतात. टू-बीएचकेत सहा जण, हॉलमध्ये दोघे, गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. इमारतीत दिवसा सगळ्यात जास्त माणसं हीच. ग्रुपमध्ये यांचा एकही नंबर नाही. ‘भाडेकरूंना कायले घ्या? ग्रुप खराब करतात.’ घरमालक ग्रुपमध्ये असतो, तो राहतो नागपूरला. म्हणजे ‘गॅसचा वास येतोय, खाली या’ हा मेसेज नागपुरात पोचेल, तिसऱ्या मजल्यावर पोचणार नाही. मेंटेनन्स थकला की मात्र त्याच पोरांच्या दारावर थाप पडते. तेव्हा त्यांचा पत्ता सापडतो.

आणि चौकीदार. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत कुटुंबासकट राहणारा हा माणूस इमारतीचा खरा जाणकार. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा, मेन स्विच कुठे, कोणत्या म्हाताऱ्या बाबांना उचलून आणावं लागेल, लिफ्ट कोणत्या मजल्यावर अडकते, सगळं त्याला ठाऊक. बैठकीला त्याला बोलावतात ते खुर्च्या मांडायला.

आपल्याकडे सांगितलेलं लोकांना कळतच नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी अकोल्यातलंच एक उदाहरण. मे २०२४ च्या अखेरीस पारा ४५ च्या पार गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं. देशभर हशा पिकला. सूर्याला जमावबंदी केली म्हणून विनोद फिरले, मीही दोन पुढे पाठवले. पण तो आदेश गावाला समजला. खाजगी शिकवण्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बंद, कामगारांसाठी पाणी आणि सावलीची सोय करा. कोणी, काय, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, हे त्यात होतं. ‘उष्माघाताची शक्यता नाकारता येत नाही’ एवढंच लिहून सोडलं असतं तर शिकवणीवाल्यांनी तो कागद कूलरमागे कोंबला असता.

इमारतीसाठी असला एक कागद लिहायला फार विद्वत्ता लागत नाही. तो कुठे लावायचा एवढाच घोळ. कित्येक स्कीममध्ये ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये’ ही पाटी लिफ्टच्या आत लावलेली असते, म्हणजे जो आधीच चुकला आहे त्याला वाचायला. आमच्या ओळखीच्या एका स्कीममधल्या ताईंनी मागच्या महिन्यात अध्यक्षांना न विचारता स्वतःच एक कागद लिहिला आणि पार्किंगमध्ये, चौकीदाराच्या खोलीच्या दारावर लावला. अध्यक्ष म्हणाले, ‘भाषा जरा सुधारून घ्या.’ ताई म्हणाल्या, ‘समजली ना तुम्हाले?’ तो कागद जसाच्या तसा इथे देतो.

‘राजेहो,

आपल्या बिल्डिंगले जिना एकच हाये. थ्यात चपलाचे स्टँड, कूलरचे खोके अन् पोट्ट्यांच्या सायकली ठेवू नोका. इतवारी सकाळी आठ वाजेलोक उचला, नाही तं भंगारवाल्याले देऊ अन् आलेल्या पैशात सगळे पोहे खाऊ.

गच्चीची एक चाबी चौकीदारभाऊजवळ, एक तीनशे एकमध्ये. पुण्याले चाबी नेऊ नये.

गॅसचा वास आला तं कोनतंच बटन दाबू नोका, चालूचं बंद बी करू नोका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, खाली या.

आग लागली तं जोरात ओरडा, मंग १०१ नाही तं ११२ लावा. व्हिडिओ काढू नोका. लिफ्टनं उतरू नोका.

दोनशे दोनमधल्या आजीले जिना उतरता येत नाही. थ्याहिले वरच्या मजल्यावरचे क्लासवाले दोघं पोट्टे धरून आनतीन. म्या थ्याहिले इचारलं, थे हो म्हनले. आजी म्हनल्या, आंघोळीच्या टायमाले आग लावू नोका.

खांबाले तिरपी चीर पडली, नाही तं सळई दिसून राहिली, तं रंग मारू नोका. मले दाखवा. म्या इंजिनिअरले दाखवतो.

क्लासवाल्या पोट्ट्याहिनं अन् थ्याहिच्या डब्यावाल्या काकूनं बी हे वाचावं.

ता. क. : बिल्डरभाऊचा फोन कोनाले लागला तं मले सांगा. बोअरच्या पान्याचं इचारायचं हाये.’